मक्याचे पोते आणि मातीतली बुरशी

ऑगस्टमध्ये कामोठ्यात कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. भिंतींना ओल येते, मिठाच्या बरणीत पाणी सुटते. अशाच एका दुपारी मी पलंगाखालून मक्याचे पोते ओढले. हिवाळ्यात माहेरून, सिल्लोडहून, भावाने पाठवलेला घरचा मका होता. वरचे दाणे ठीक दिसत होते. हात तळाशी घातला तर दाण्यांचे गठ्ठे झालेले, त्यांवर पिवळसर हिरवी भुकटी आणि कोंदट वास.

सासूबाई म्हणाल्या, "रिज़्क आहे बेटी, फेकू नकोस. धुऊन पंख्याखाली वाळव. नाहीतर कुणा गरिबाला दे, कोंबड्यांना तरी घाल."

आपल्या बहुतेक घरांत हेच उत्तर मिळते. अन्न टाकताना जीव कचरतो, आणि ते चांगलेच आहे. पण या भुकटीची गोष्ट वेगळी आहे. ती काय असते आणि येते कुठून, हे प्रत्येक घराला माहीत असायला हवे.

शेतातून घरापर्यंत

या बुरशीचे नाव अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस. तिचे घर म्हणजे शेताची माती. काढणीनंतर शेतात राहिलेली धाटे, पडलेली कणसे, कुजणारा पाला यांवर ती जगते. पीक नसतानाही तिच्या बारीक कठीण गाठी मातीत टिकून राहतात. हवामान जुळले की त्यांतून असंख्य बीजाणू तयार होतात आणि वाऱ्यावर उडतात.

मक्याच्या कणसाला शेंड्यावर रेशमासारखे केस फुटतात. उडालेले बीजाणू त्यांच्यावर बसून आत दाण्यापर्यंत पोहोचतात. दुसरी वाट अळीने पाडलेल्या भोकांची. 2018 मध्ये भारतात पहिल्यांदा आढळलेली अमेरिकन लष्करी अळी आज महाराष्ट्रातल्या मका शेतकऱ्याची मोठी डोकेदुखी आहे. ती कणीस पोखरते आणि बुरशीला दार उघडून देते.

पीक फुलोऱ्यात असताना पावसाचा खंड पडला, ऊन तापले, की झाड अशक्त होते आणि बुरशीचे फावते. पुढे काढणीच्या वेळी परतीचा पाऊस आला, तर ओल्या दाण्यांत ती झपाट्याने वाढते. मराठवाडा आणि खानदेशच्या शेतकऱ्याला ही दोन्ही संकटे चांगली ओळखीची आहेत.

वाढताना ही बुरशी जे विष तयार करते, त्याला अफलाटॉक्सिन म्हणतात. 1960 मध्ये इंग्लंडात एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अचानक मेले. कारण शोधताना त्यांच्या खाद्यातल्या शेंगदाण्याच्या पेंडीपर्यंत माग लागला आणि या विषाची ओळख जगाला झाली. त्याचे नावही या बुरशीच्या नावावरूनच पडले.

1974 चा धडा

हे संकट आपल्यापासून फार दूर नाही. 1974 च्या अखेरीस गुजरातचा पंचमहाल आणि राजस्थानचा बांसवाडा या शेजारच्या जिल्ह्यांत दीडशेहून अधिक गावांत काविळीची साथ पसरली. रुग्णांचे पोट पाण्याने फुगत होते. मुख्यतः आदिवासी कुटुंबे होती, मक्याच्या भाकरीवर जगणारी. त्या वर्षी अवकाळी पावसात मका भिजला होता. तो नीट न वाळवता साठवला गेला आणि दुसरे धान्य नसल्यामुळे तोच खाल्ला गेला. 397 जण आजारी पडले, त्यांपैकी 106 दगावले. त्याच घरांतले उष्टे खाणारी कुत्रीही मेली.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी तिथला मका तपासला. काही नमुन्यांत किलोमागे 15 मिलिग्रॅमपर्यंत अफलाटॉक्सिन सापडले. आज आपल्याकडे धान्यासाठी कायद्याची मर्यादा किलोमागे 15 मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे ते प्रमाण या मर्यादेच्या सुमारे हजारपट होते.

इतके विष एकदम पोटात जाणे विरळा. पण थोडे थोडे वर्षानुवर्षे जात राहिले तर यकृताचा कर्करोग होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अफलाटॉक्सिनला माणसात नक्की कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. ज्यांच्या शरीरात हिपॅटायटिस बी चा विषाणू आहे, त्यांना हा धोका कितीतरी पटींनी जास्त असतो. म्हणून सरकारी लसीकरणात मिळणारी हिपॅटायटिस बी ची लस आपल्या बाळाला वेळेवर द्यायलाच हवी.

धुऊन, भाजून जात नाही

सासूबाईंच्या सल्ल्यातली अडचण इथे आहे. धुतल्याने वरची भुकटी जाते, उन्हात घातल्याने बुरशीची वाढ थांबते. पण दाण्यात मुरलेले विष तसेच राहते. तव्यावरची भाकरी किंवा कढईतली भाजणी जेवढी तापते, तेवढ्या उष्णतेने ते पुरते नष्ट होत नाही. पीठ झाल्यावर तर डोळ्यांना काहीच कळत नाही.

मग कोंबड्यांना किंवा शेळीला घालावे का? तेही नको. दुभत्या जनावराने असे खाद्य खाल्ले की विषाचा एक भाग रूप बदलून दुधात उतरतो आणि दूध तापवूनही जात नाही. 2018 मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने देशभरातून दुधाचे 6,432 नमुने तपासले. त्यांतल्या 368 नमुन्यांत हे विष मर्यादेपेक्षा जास्त निघाले. आपण जनावराला घातलेले कुणाच्या तरी लेकराच्या पेल्यात येते.

आणि गरिबाला देणे? जे आपण आपल्या ताटात घेणार नाही ते दुसऱ्याला देऊ नये, ही शिकवण आपल्याला लहानपणापासून मिळालेली आहे. मी सासूबाईंना एवढेच म्हटले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "बांध पिशवीत." तोंडाला ओढणी बांधून आम्ही दोघींनी ते पोते घट्ट बांधून कचरागाडीत टाकले. वाईट वाटायचे ते वाटलेच.

नुकसान टाळता येते

भावाला फोन करून सगळे सांगितले. शेतातली काळजी अशी: फुलोऱ्यात आणि दाणे भरताना शक्य असेल तर पाणी द्यावे. अळीचा बंदोबस्त वेळेवर करावा. कणसे मातीवर न टाकता ताडपत्रीवर वाळवावीत. किडकी, काळी पडलेली कणसे मळणीआधीच वेगळी काढावीत. आफ्रिकेतल्या काही देशांत शेतकरी याच बुरशीचा विष न करणारा प्रकार फुलोऱ्याच्या आधी शेतात टाकतात. तो मातीत जागा पकडतो आणि विषारी भाऊबंदांना हुसकावतो.

घरातली काळजी आपली. साठवणीच्या मक्यात ओल 12-13 टक्क्यांपेक्षा जास्त नसावी. ती पाहायची सोपी रीत आहे. मीठ तव्यावर गरम करून कोरडे करावे आणि गार होऊ द्यावे. कोरड्या काचेच्या बाटलीत पाव भाग दाणे आणि दोन-तीन चमचे मीठ घालून दोन मिनिटे हलवावे, मग दहा-पंधरा मिनिटे ठेवावे. मीठ काचेला चिकटले तर धान्य अजून ओले आहे. सुके धान्यही कोकणच्या दमट हवेत पोत्यात ठेवू नये. घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात, जमिनीपासून उंच ठेवावे. पावसाळ्यापुरते लागेल तेवढेच आणावे. शेंगदाणे, सुके खोबरे आणि लाल मिरची यांवरही हीच बुरशी येते. कडवट, खवट दाणा तोंडात आला तर गिळू नये, थुंकावा.

यंदा भावाने पोते न पाठवता वीस किलोचा डबा पाठवला. तो आला तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. बाहेर आले तर सासूबाई चष्मा लावून बाटली उजेडाकडे धरून बघत होत्या. काचेला मिठाचा एक कणही चिकटला नव्हता.