सकाळी विद्यार्थी, सायंकाळी शिक्षक

जमा, रक्कम, हिशेब, किंमत, कर्ज, मुद्दत, तारीख, वसूल. पेढीवरील वहीतून एवढे शब्द वगळले, तर पानावर फारसे काही उरणार नाही. हे सारे मूळचे अरबी. बहुतेक फारसीच्या वाटेने मराठीत आलेले. शिवकाळात ‘राज्यव्यवहारकोश’ रचून अशा शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्यात आले, तरी व्यापाऱ्याच्या वहीने आपले शब्द काही सोडले नाहीत. तेव्हा व्यापारी घरातील एखादा मुलगा किंवा मुलगी अरबी शिकण्यासाठी परदेशी निघाली, तर ती अगदीच अनोळखी भाषेकडे निघालेली नसते.

अशा विद्यार्थ्यांचे एक ठिकाण म्हणजे मोरोक्कोची राजधानी रबात. निरनिराळ्या देशांतून तरुण येथे काही महिन्यांसाठी येतात. सकाळी अरबीचा वर्ग, दुपारी एखाद्या स्वयंसेवी संस्थेत इंटर्नशिप आणि सायंकाळी स्थलांतरितांना इंग्रजी शिकवणे, असा अनेकांचा दिनक्रम असतो. इंटर्नशिप म्हणजे आपल्या जुन्या भाषेत उमेदवारी. पगार बहुधा नाहीच. कागदपत्रे लावणे, अर्जांचे मसुदे करणे, बैठकांची टिपणे घेणे ही कामे. पेढीवर नवा मुलगा ठेवला की त्यालाही आधी वह्या लावण्याचेच काम मिळत असे.

अरबीचा पहिला धक्का वर्गाबाहेर पडताच बसतो. वर्गात शिकवली जाते ती ग्रंथांची आणि वृत्तपत्रांची प्रमाण अरबी, ‘फुस्हा’. बाजारात बोलतात ती ‘दारिजा’. ‘आत्ता’ यासाठी वर्गात ‘अल्-आन’ पाठ केलेले असते, भाजीवाला म्हणतो ‘दाबा’. ‘केवढ्याला?’ यासाठी ‘बिकम’ शिकावे, तर रस्त्यावर चालतो ‘बश्हाल’. त्यात उच्चारांची अडचण. अरबीत ‘क’च्या जवळचे दोन वेगळे ध्वनी आहेत, घशातल्या ‘क’ने ‘क़ल्ब’ म्हटले तर हृदय, साध्या ‘क’ने ‘कल्ब’ म्हटले तर कुत्रा. मराठी कानाला दोन्ही सारखेच वाटतात. पदवीधर तरुण वाण्याच्या दुकानात लहान मुलासारखा बोट दाखवून वस्तू मागतो. मात्र खाणावळीत बिल मागताना ‘ल-ह्साब’ हा शब्द कानी पडला, की आपला ‘हिशेब’ भेटल्याचा आनंद होतो. शाकाहारी माणसाला तेथे ‘बिसारा’चा मोठा आधार असतो. वाळवलेल्या बाकल्याच्या डाळीचे हे दाट सार ऑलिव्हचे तेल आणि जिरेपूड घालून पावाबरोबर खातात.

सायंकाळी भूमिका बदलते. शहराच्या पूर्वेकडील ‘तकद्दुम’ या वस्तीत सहारापलीकडील देशांतून आलेले अनेक जण राहतात. ‘तकद्दुम’ या शब्दाचा अर्थ प्रगती. कॅमेरून, गिनी, माली, आयव्हरी कोस्ट, काँगो या देशांतील माणसे युरोपकडे जाण्यासाठी निघतात आणि पुष्कळदा मोरोक्कोतच थांबून राहतात. जिब्राल्टरची सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी सुमारे 14 किलोमीटर आहे. पैलतीर दिसतो, पण परवाना नसतो. 2013 मध्ये मोरोक्कोने स्थलांतराचे नवे धोरण जाहीर केले आणि पुढे दोन टप्प्यांत हजारो लोकांना वास्तव्याचे परवाने दिले. तरीही परवाना हाती नसलेले अनेक जण उरलेच.

यांतील बहुतेकांना वसाहतकाळापासूनची फ्रेंच येते. इंग्रजी हवी असते ती कामासाठी आणि कधी तरी दुसऱ्या देशात आसरा मिळाला तर उपयोगी पडावी म्हणून. फ्रेंचमध्ये वय ‘जवळ’ असते. ‘माझ्याकडे वीस वर्षे आहेत’ अशी तिची रचना. म्हणून वर्गात ‘आय हॅव ट्वेंटी इयर्स’ ऐकू येते. फ्रेंचमध्ये ‘ह’ उच्चारतच नाहीत, त्यामुळे ‘हाऊस’चे ‘आऊस’ होते. सकाळी ‘क़ल्ब’वर अडखळलेला शिक्षक ‘आऊस’ला हसत नाही. अध्यापनाचे प्रशिक्षण नसलेल्या या तरुणांजवळ शिकवण्याची खरी पुंजी असते ती ही.

पाठ्यपुस्तके मात्र येथे अपुरी पडतात. ‘तुमच्या कुटुंबाविषयी सांगा’ हा पहिल्या धड्यातला निरुपद्रवी प्रश्न. ज्याने वाळवंट ओलांडताना भाऊ गमावला, त्याने यावर कोणते वाक्य रचावे? जाणते शिक्षक हा धडा बाजूला ठेवतात आणि घरभाडे, दवाखाना, मजुरीचा दर यांवरील संवाद घेतात.

खरा पेच काळाचा आहे. शिक्षकाचे परतीचे तिकीट ठरलेले असते. विद्यार्थी किती दिवस राहील, हे त्यालाही ठाऊक नसते. हजेरीतील एखादे नाव अचानक थांबते. तो तान्जियरला गेला, की सेउता आणि मेलिया या स्पॅनिश शहरांच्या कुंपणाकडे, याची विचारपूस करायची तरी कोणाजवळ? 24 जून 2022 रोजी मेलियाच्या कुंपणापाशी किमान 23 जण मृत्युमुखी पडले. तेथे जमलेल्यांत सुदानचे अनेक जण होते, म्हणजे अरबी जाणणारे. अशा बातमीनंतर हजेरीपुस्तक उघडणे सोपे नसते.

तीन महिन्यांनी शिक्षक बदलणे हा या वर्गांचा मोठा दोष. नवा शिक्षक पुन्हा मुळाक्षरांपासून आरंभ करतो आणि जुना विद्यार्थी कंटाळून येणे सोडतो. यावर उपाय साधा आहे. कोणता धडा कुठवर झाला, कोण वाचू शकतो, कोणाला केवळ बोलता येते, कोण कामामुळे उशिरा येतो, हे सारे एका वहीत रोजच्या रोज टिपून पुढच्याच्या हाती द्यावे. पेढीवर मुनीम बदलला तरी खाती नव्याने उघडत नाहीत. जेथे अशी वही ठेवली जाते, तेथे नवा शिक्षक पहिल्या सायंकाळी ती उघडतो, नावे वाचू लागतो, निम्म्या नावांचे उच्चार चुकवतो आणि वर्ग ते सुधारून देतो.