पंख्यापर्यंतचे स्क्रू

"पंखा फार ओरडतो" ही तक्रार घेऊन दुरुस्तीच्या टेबलावर आलेला वर्कस्टेशन लॅपटॉप पालथा घालून उघडला, की पंखा बहुतेक वेळा ठणठणीत निघतो. पाती शाबूत असतात, बेअरिंगमध्ये खरखर नसते, बोटाने ढकलला तर तो सहज गरगरतो. दोष सापडतो पंख्याचं झाकण काढल्यावर. पाती आणि तांब्याची जाळी यांच्या मधोमध धुळीची एक पट्टी बसलेली असते, वातीसाठी पिंजलेल्या कापसासारखी, फक्त राखाडी. चिमट्यात धरली की ती जाळीच्या लांबीएवढी अखंड निघते. त्या पट्टीने वाऱ्याचा बाहेर पडायचा रस्ता अडवलेला असतो, आणि यंत्र आपल्या परीने एकच इलाज करत असतं: पंखा आणखी जोरात फिरवायचा. पुण्याच्या तपकीर गल्लीत काय किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काय, यासाठी दोनच शब्द पुरतात, "चोक झालाय". ही पट्टी एकदा पाहिली की पंख्याचा आवाज आणि यंत्राची बांधणी हे दोन वेगळे प्रश्न राहत नाहीत. घेणारा दुकानात झाकण दाबून पाहतो, बिजागरी हलवून पाहतो आणि बांधणी उत्तम असल्याचं ठरवतो. आवाजाचा विचार तो निराळा करतो. माझं म्हणणं असं, की कामाच्या लॅपटॉपची बांधणी मोजायची ती त्याच्या पंख्यापर्यंत पोहोचायला किती खटाटोप करावा लागतो यावरून.

आवाज येतो कुठून, हे आधी पाहावं लागेल. साध्या लॅपटॉपचा प्रोसेसर १५-२० वॉटमध्ये भागवतो. सॉलिडवर्क्स, ऑटोकॅड, रेव्हिट किंवा व्हिडिओ संपादनासाठी घेतलेल्या यंत्रात मात्र ४५ वॉटचा प्रोसेसर आणि त्याच्या शेजारी तेवढीच किंवा त्याहून जास्त वीज खाणारी ग्राफिक्स चिप असते. रेंडर लावलं की शंभर वॉटच्या बल्बइतकी उष्णता दोन बोटं जाडीच्या डब्यातून बाहेर काढायची असते. तांब्याच्या नळ्या ती जाळीपर्यंत आणतात, पुढचं काम वाऱ्याचं. पंखा जितका लहान आणि पातळ, तितका तोच वारा देण्यासाठी तो जास्त वेगाने फिरवावा लागतो, आणि वेगाबरोबर आवाज झपाट्याने चढतो. फेरे दुप्पट झाले की आवाज सुमारे १५ डेसिबलने वाढतो, असा पंख्यांचा ढोबळ हिशेब आहे. कानाला १० डेसिबलची वाढही दुप्पट वाटते. वापरणाऱ्यांना तरी एकसुरी घोंघाट तितका छळत नाही, छळतो तो त्याचा चढउतार. प्रोसेसर दोन-चार सेकंदांसाठी उसळी घेतो, फर्मवेअर लगेच पंखा चढवतं, पुन्हा उतरवतं, आणि समोर ड्रॉइंग काढत बसलेल्या माणसाचं लक्ष दर मिनिटाला तुटतं. हा त्रास हळवेपणाचा नाही. आठ-दहा तास त्या यंत्रासमोर बसणाऱ्याच्या कामावर त्याचा परिणाम होतो.

आता आपल्या हवेचा हिशेब मांडू. प्रोसेसरची वरची मर्यादा साधारण १०० अंश सेल्सिअस धरा. वातानुकूलित खोलीत २५ अंश तापमान असेल तर उष्णता बाहेर काढायला ७५ अंशांचा उतार मिळतो. मे महिन्यात नागपुरात किंवा अकोल्यात स्लॅबखालची खोली ४२ अंशांवर गेली, की तोच उतार ५८ अंशांचा होतो. ७५ चे ५८. यंत्र तेच, काम तेच, पण तेवढीच उष्णता काढायला निदान ३० टक्के जास्त वारा लागणार. वर सांगितलेल्या हिशेबाने नव्या, स्वच्छ यंत्राचा आवाजही साडेपाच-सहा डेसिबलने चढतो. त्यात ती धुळीची पट्टी भरली की पंखा पूर्ण वेगाने फिरूनही पुरत नाही, आणि प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. मालक म्हणतो, "लॅपटॉप स्लो झाला", आणि नव्या यंत्राची चौकशी सुरू करतो. खरी गरज असते अर्ध्या तासाच्या सफाईची.

पण ती सफाई अर्ध्या तासाची राहिली आहे का? २०१५ साली आलेला लेनोवोचा थिंकपॅड पी५० अडीच किलोचा होता. त्याची बॅटरी बाहेरून निघायची आणि मेमरीला चार खाचा होत्या. तीनच वर्षांनी, २०१८ मध्ये, त्याच घराण्यातला पी१ आला तो १.७ किलोचा आणि १८.४ मिलिमीटर जाडीचा. त्यात मेमरीच्या खाचा दोन उरल्या आणि बॅटरी आत गेली. उष्णता मात्र त्या प्रमाणात कमी झाली नव्हती. त्याच वर्षी जुलैमध्ये ॲपलच्या १५ इंची मॅकबुक प्रोमधला कोअर आय९ प्रोसेसर जड कामात तापून वेग सोडतो, अशी ओरड झाली. फर्मवेअरमध्ये एक डिजिटल की राहून गेल्याचं सांगून ॲपलने सॉफ्टवेअरची दुरुस्ती पाठवली. इथे कुणी म्हणेल, आजचे ॲपलचे लॅपटॉप पातळही आहेत आणि शांतही, मग दोष पातळपणाला कसा? आक्षेप रास्त आहे, कारण कमी वीज खाणारी चिप हाच आवाजावरचा खरा उपाय. मात्र जाडीचे आकडेही पाहा. २०१८ चा तो मॅकबुक प्रो १५.५ मिलिमीटरचा होता, २०१९ चा १६ इंची १६.२ चा झाला आणि २०२१ मध्ये स्वतःची थंड चिप घातल्यावरही ॲपलने तो १६.८ मिलिमीटरचा केला. उष्णता घटल्यावरही जागा वाढवली, हे वाऱ्याला जागा लागते याचंच प्रमाण. शिवाय अभियांत्रिकीची बरीच सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतात. सॉलिडवर्क्स वापरणाऱ्याला तो पर्याय खुला नाही.

बांधणीबद्दल जाहिरातीत जे येतं, ते मॅग्नेशियमचा मिश्रधातू, कार्बन फायबर आणि "मिल-स्टँडर्ड ८१०". यातली धातूची चौकट खरोखर मोलाची असते, हे मान्य करायलाच हवं. स्वस्त लॅपटॉपमध्ये बिजागरीचे पितळी आटे प्लॅस्टिकमधून उपटून येतात, तसं इथे सहसा होत नाही. पण ८१० हे अमेरिकी लष्कराचं चाचणी-पद्धतींचं पुस्तक आहे. लष्कर कुठल्याही लॅपटॉपला प्रमाणपत्र देत नाही. कोणत्या चाचण्या आणि कितपत, हे कंपनी ठरवते. त्यात धुळीची चाचणीही आहे, पण ती पेटीतल्या काही तासांची. बांधकामाच्या साइटवरची सिमेंटची भुकटी, खोलीतली सुती धूळ, केस आणि दोन पावसाळ्यांचा दमटपणा मिळून ती वातीसारखी पट्टी तयार होते तिसऱ्या वर्षी, आणि तेव्हा उपयोगी पडते ती आतली मांडणी. चांगल्या मांडणीत तळाचं झाकण काढलं की पंखा वेगळा, दोन-तीन स्क्रूंवर बसलेला दिसतो. तो उचलायचा, जाळी ब्रशने आणि ब्लोअरने साफ करायची, परत बसवायचा. वाईट मांडणीत पंखा आणि तांब्याच्या नळ्या एकाच तुकड्यात जोडलेल्या असतात. धूळ काढायला अख्खा हिटसिंक उचलावा लागतो, म्हणजे चिप आणि हिटसिंक यांच्यामधली उष्णतावाहक पेस्ट नव्याने लावणं आलं. त्याहून वाईट मांडणीत मदरबोर्डच उलटा बसवलेला असतो आणि पंख्यापर्यंत जायला सगळं यंत्र सुटं करावं लागतं. प्रत्येक नाजूक पट्टी-केबल सोडवताना तुटण्याची धास्ती, म्हणून मजुरी वाढते. मजुरी वाढते म्हणून मालक सफाई लांबवतो. पट्टी जाड होत राहते.

यावर दुसरा आक्षेप असा, की साइटवर रोज लॅपटॉप नेणाऱ्याला अडीच किलो का वाहायला लावता? त्याचं हलक्या यंत्राचं मागणं योग्यच आहे. पण हलकेपणा आणि सोपी उघडणी यांचं वैर नाही. पंखा स्वतंत्र स्क्रूंवर बसवायला वजन लागत नाही, लागते ती आराखडा करणाऱ्याची इच्छा. तिसरा आक्षेप, सॉफ्टवेअरमधून "शांत" मोड लावा. लावता येतो, आवाजही उतरतो, कारण यंत्र कमी वॉटवर चालतं. मग ज्या वेगासाठी दुप्पट पैसे मोजले तो वेग कुठे गेला? पूर्वी जाणकार मंडळी प्रोसेसरचं व्होल्टेज थोडं उतरवून वेग न गमावता उष्णता घटवत. २०१९ च्या अखेरीस व्होल्टेज बदलण्याच्या याच सोयीतली प्लंडरव्होल्ट ही सुरक्षेची त्रुटी उघड झाल्यावर ती वाटही बऱ्याच यंत्रांत बंद झाली. चौथा आक्षेप वॉरंटीचा. या वर्गातल्या यंत्रांना घरी येऊन दुरुस्ती मिळते, हे खरं. पण वॉरंटी साधारण तीन वर्षांची, आणि आपल्याकडे असं यंत्र सहा-सात वर्षं चालवलं जातं. कंपन्यांतून निघालेलं जुनं यंत्र घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या किंवा नवख्या वास्तुविशारदाच्या हाती ते येतं तेव्हा वॉरंटी संपलेली असते आणि जाळी भरलेली असते.

म्हणून हे यंत्र घेणाऱ्यांना एक विनंती. लेनोवो, डेल आणि एचपी आपल्या वर्कस्टेशन लॅपटॉपची दुरुस्ती-पुस्तिका सर्वांसाठी खुली ठेवतात. पैसे भरण्यापूर्वी तिच्यातलं पंखा काढण्याचं पान उघडा. त्याआधी काय काय काढावं लागतं, याची यादी तिथे क्रमाने दिलेली असते. ती मोजा, आणि यादी लांब असेल तर दुसरं मॉडेल पाहा.