तीन दाबली, चौथी वाजली!

लंच टाइममध्ये एक गंमत करून बघा. वर्डची नवी फाइल उघडा, दोन्ही शिफ्ट दाबून धरा आणि ए टू झेड टाइप करा. काही साध्या कीबोर्डवर मधलीच अक्षरं गायब होतात. घाबरू नका, तुमचं टायपिंग ठीक आहे. भानगड आतल्या वायरिंगची आहे.

त्याचं असं आहे, की बटणं शंभरेक. प्रत्येकाला वेगळी वायर दिली, तर आतल्या चिमुकल्या चिपने तेवढ्या पिना आणायच्या कुठून? म्हणून बटणं आडव्या ओळी आणि उभ्या रांगांच्या जाळीत बसवतात. चिप एकेका ओळीत करंट सोडते आणि तो कुठल्या रांगेतून बाहेर येतो ते बघते. शाळेतल्या हजेरीसारखंच, फक्त सेकंदाला शेकडो वेळा! दोन बटणांपर्यंत हजेरी बिनचूक. लोचा होतो तिसऱ्याला.

माझ्या नऊ वर्षांच्या भाचीसाठी मी २५ पट्ट्यांच्या छोट्या सिंथेसायझरचा किट आणला. पाच ओळी, पाच रांगा. १० वायरींत काम फत्ते. पण ती सा, ग आणि ध एकदम दाबायची आणि सोबत मध्यमही वाजायचा. ‘‘मामा, माझंच बोट लागतंय का रे?’’ दोन दिवस तिने जीव तोडून प्रॅक्टिस केली आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, ‘‘मला नाही जमत. नको मला हे.’’

मी जाळी कागदावर काढली. सा आणि ग एका ओळीत, ग आणि ध एका रांगेत. चौकोनाचे हे तीन कोपरे दाबले, की करंट उलटा फिरून चौथ्या कोपऱ्याची वाट धरतो. तिथे बसलाय मध्यम! चिपला तोही दाबलेला दिसतो. याला म्हणतात ‘घोस्टिंग’. ऑफिसच्या कीबोर्डची चिप असा संशयास्पद चौकोन दिसला, की तिसरं बटण सरळ गिळून टाकते. तुमची अक्षरं गेली ती तिथे.

उपाय? दर बटणामागे एक डायोड. डायोड म्हणजे करंटचा फर्ग्युसन रस्ता, वन-वे! पण इथे उलटं घुसताच येत नाही. बुधवार पेठेतून ‘१एन४१४८’ जातीचे २५ डायोड आणले. एकाची किंमत कटिंग चहापेक्षा कमी. सगळ्यांची काळी रेघ एकाच दिशेला ठेवून एका संध्याकाळी सोल्डरिंग उरकलं. सा, ग, ध दाबलं. तीनच सूर! भाची ओरडली, ‘‘म्हणजे मी बरोबरच वाजवत होते!’’

नवा कीबोर्ड घेताना खोक्यावर ‘एन-की रोलओव्हर’ लिहिलंय का बघा. म्हणजे कितीही बटणं एकदम दाबा, प्रत्येकाची वेगळी नोंद. नुसत्या ‘अँटी-घोस्टिंग’वर भाळू नका, ते बऱ्याचदा ठरावीक बटणांपुरतंच असतं. आणि घरात कुणी चिमुरडं वाजवत असेल, तर आधी यंत्र तपासा. बोटांना नंतर बोला.