सोनोग्राफीत ‘सीपॅम’ आलंय? सर्च करण्याआधी हे ऐका

समजा, पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत डॉक्टर म्हणाले, “बाळाच्या फुप्फुसात गाठी दिसतायत, सीपॅम असावं.” घरी येताना रिक्षातच मोबाईल बाहेर निघतो आणि पहिल्याच पानावर नको ते वाचायला मिळतं. म्हणून आज याबद्दल बोलू.

सीपॅम म्हणजे काय? गर्भात फुप्फुस घडताना त्याचा एखादा भाग नीट तयार होत नाही, तिथे लहान-मोठ्या पोकळ्या होतात. आईने काय खाल्लं, किती काम केलं, ग्रहण पाहिलं, याचा काहीही संबंध नाही. घरात कुणी तसं म्हणालं तर हा भाग ऐकवा!

आता सर्चची गोम. या आजाराचं जुनं नाव ‘सीकॅम’. 2002 मध्ये नाव बदललं. दोन्ही नावांनी शोधा, पण लेखाचं वर्ष बघा. सोनोग्राफी सर्रास नव्हती, तेव्हा गंभीर बाळंच नोंदवली जायची. त्यामुळे जुने लेख जास्त भीतीदायक वाटतात. प्रत्यक्षात बहुतेक बाळं जन्मतः व्यवस्थित श्वास घेतात. दुर्मीळ आजारांसाठी ‘ऑर्फानेट’ ही साइट चांगली सुरुवात आहे.

डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा. एक, सीव्हीआर किती? गाठीचा आकार बाळाच्या डोक्याच्या घेराशी ताडून हा आकडा काढतात. तो 1.6 च्या वर असेल तर बाळाच्या अंगात पाणी साठायचा धोका वाढतो, सोनोग्राफी वरचेवर करावी लागते. दोन, गाठीला रक्त कुठून येतं? थेट महाधमनीतून येत असेल तर ‘सिक्वेस्ट्रेशन’ हा वेगळा प्रकार असू शकतो. तीन, बाळंतपण कुठे करायचं? गाठ मोठी असेल तर नवजात शिशूंचा अतिदक्षता विभाग आणि बालशल्यविशारद जिथे आहेत, तिथेच.

आणि एक चूक टाळा. शेवटच्या महिन्यांत गाठ सोनोग्राफीत दिसेनाशी होते, जन्मानंतरचा एक्स-रेही नॉर्मल येतो. मग सगळे पेढे वाटून मोकळे! पण गाठ आत असू शकते. बाळ काही महिन्यांचं झालं की सीटी स्कॅन लागतो. त्रास नसेल तर ऑपरेशन करायचं की लक्ष ठेवायचं, यावर डॉक्टरांमध्येही दोन मतं आहेत. वारंवार न्यूमोनिया होण्याची आणि क्वचित कॅन्सरची शक्यता, हे त्यामागचं कारण.

म्हणून घाबरून गर्भपाताचा निर्णय घेण्याआधी फीटल मेडिसिन तज्ज्ञांचं दुसरं मत जरूर घ्या. जुने रिपोर्ट फाईलला लावून ठेवा. भेटू पुढच्या भागात!