गाळ्याची मुदत

पुण्यात वारजे-धायरी पट्ट्यात गाळा शोधायला निघालं की एजंटचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ताई, बजेट किती?" माझी मावसबहीण या प्रश्नावर भाड्याचा आकडा सांगतच नाही. ती म्हणते, "आधी सांगा, तीन वर्षं मिळेल का?" घरच्या ओट्यावरून डबे पुरवता पुरवता तिचा व्याप वाढला आणि आता तिला पोळी-भाजी केंद्रासाठी स्वतंत्र जागा हवी आहे. गाळे बघायला मी तिच्याबरोबर जाते.

तिचा हिशेब ऐकल्यावर मुदतीचा आग्रह मला पटला. पोळी-भाजीच्या गाळ्यात ओटा बांधावा लागतो, भिंतींना टाइल्स लावाव्या लागतात, चिमणीचा डक्ट गच्चीपर्यंत न्यावा लागतो, थ्री फेजचं वायरिंग आणि सांडपाण्याची सोय करावी लागते. जाताना नेता येतात त्या शेगड्या, भांडी आणि फ्रीज. बाकी सगळं मालकाच्या भिंतीत राहतं. या कामाला तीन लाख धरले आणि करार ११ महिन्यांचा असला, तर महिन्याला २७ हजारांहून जास्त पडतात, म्हणजे जवळपास दुसरं भाडंच. तेच तीन लाख ३६ महिन्यांवर पसरले की महिन्याचे साडेआठ हजारसुद्धा होत नाहीत. भाड्यात हजार-पाचशेची घासाघीस करणारे कितीतरी लोक हा भागाकार करतच नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

शटर वर गेलं की एजंट दर्शनी भाग दाखवतो, समोरची वर्दळ दाखवतो. ही शेजारच्या दुकानातून बादलीभर पाणी मागून आणते आणि मागच्या भिंतीपाशी फरशीवर ओतते. मग आम्ही सगळे उभे राहून पाणी कुठे जातं ते बघतो. एका गाळ्यात ते सरळ शटरखालून बाहेर, लोकांच्या पायात गेलं. दुसऱ्या गाळ्यात कोपऱ्यात जाऊन साचलं आणि त्या कोपऱ्यात जाळीच नव्हती. जिथे दिवसभर भांडी घासायची, पीठ मळायचं, तिथे फरशीचा उतार दुरुस्त करायचा म्हणजे सगळी फरशी उखडायची. ती बादली रिकामी करते, टेप काढते आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजते. एजंटने सांगितलेले २८० फूट सेलेबल निघतात, आत भरतात २००. २५ हजार भाड्याचा दर फुटाला ८९ वरून १२५ वर जातो. "बाहेर शेड टाका की, ताई," असं एजंट सुचवतो. पण फ्रंट मार्जिनमधल्या शेडवर महापालिकेची कारवाई होते आणि त्या दिवशी एजंट कुठे असेल, हे कोणी सांगावं?

नंतर ती विजेचं बिल मागते. त्यावर दोन गोष्टी बघायच्या असतात, वर्गवारी आणि मंजूर भार. वरच्या मजल्यावरच्या घराचं मीटर खाली गाळ्याला जोडून दिल्याचं आम्ही पाहिलं आहे. घरगुती जोडणीवर धंदा चालवणं हा २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १२६ नुसार अनधिकृत वापर ठरतो आणि आकारणी दुप्पट दराने होते.

कागदाबद्दल तर गैरसमज फार. ११ महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, असं मालकही सांगतात आणि एजंटही. महाराष्ट्रात हे खरं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी असलाच पाहिजे आणि नोंदवलाही पाहिजे. मुदत कितीही असो, नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. खर्चही जबर नाही. भाडं २५ हजार, दरवर्षी पाच टक्के वाढ, अनामत दीड लाख आणि मुदत ३६ महिने असेल तर एकूण भाडं आणि अनामतीवरचं वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज यांच्या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क लागतं. ते अडीच हजारांच्या आसपास येतं. शहरात नोंदणी फी हजार रुपये. हल्ली लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन माणूस घरीच येतो.

मालक मुदत द्यायला का कचरतात, हेही समजून घ्यायला हवं. लायसन्सवर दिलेलं घर मुदतीनंतर परत मिळवायला त्यांना सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं. दुकानाच्या गाळ्याला ती वाट नाही, तिथे कोर्टच गाठावं लागतं. त्यांची भीती अगदीच खोटी नाही.

म्हणून शेवटी जो गाळा पसंत पडला, त्याच्या मालकांपुढे तिने भाड्याचा विषय काढलाच नाही. मसुद्यात लॉक-इन फक्त तिच्यावर होता. मालकांना मात्र दोन महिन्यांच्या नोटिशीवर कधीही जागा मागता येणार होती. ती म्हणाली, "काका, तुमचा आकडा मला मान्य आहे. पण भाडं वेळेवर येतंय तोवर ३६ महिने तुम्हीही मला उठवायचं नाही. मी पहिलं वर्ष बांधील, त्यानंतर दोन महिन्यांच्या नोटिशीवर सुटेन." काकांनी मुलाला फोन लावला, बराच वेळ बोलले. मग त्यांनी दोन अटी घातल्या, पुढच्या तारखांचे चेक आणि मुदत संपताच जागा रिकामी करण्याची लेखी हमी. तिने दोन्ही मान्य केल्या आणि आपल्याकडून दोन मुद्दे घालून घेतले. डक्टसाठी सोसायटीचं संमतिपत्र कराराला जोडायचं आणि कामाच्या पहिल्या २० दिवसांचं भाडं धरायचं नाही. काका १५ दिवसांवर राजी झाले. संमतिपत्रासाठी सोसायटीच्या सेक्रेटरींची वेळ रविवारी सकाळची मिळाली आहे. ते हातात आल्याशिवाय अंगठा द्यायचा नाही, असं तिने नोंदणीच्या माणसाला कळवून ठेवलं आहे.