स्वस्त ‘वर-खाली’ दुनळी बंदूक : विश्वासार्हतेचा प्रश्न

प्रस्तावना :
नेमबाजीतील कोल्हापूरचा नावलौकिक मुख्यतः रायफल व पिस्तूल या प्रकारांवर उभा आहे. तेजस्विनी सावंत यांचे २०१० मधील जागतिक अजिंक्यपद, राही सरनोबत यांचे २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेतील सुवर्णपदक आणि स्वप्नील कुसाळे यांचे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधील कांस्यपदक ही त्याची ठळक उदाहरणे होत. उडत्या तबकड्यांवर छऱ्याच्या बंदुकीने नेम साधण्याच्या प्रकारात राज्यवर्धनसिंह राठोड यांनी २००४ मध्ये अथेन्स येथे रौप्यपदक मिळवून दिले. या प्रकाराकडे वळणाऱ्या खेळाडूसमोर पहिला प्रश्न बंदुकीच्या किमतीचा असतो. स्वस्त बंदूक नेमकी कोठे दगा देते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

रचना व अपेक्षा :
या बंदुकीच्या दोन नळ्या एकीवर एक असतात व बहुधा एकच चाप दोन्ही बार उडवितो. ट्रॅप प्रकारात प्राथमिक फेरीत १२५ तबकड्या असतात आणि प्रत्येकीवर दोन बार झाडण्याची मुभा असते. म्हणजेच दुसऱ्या बाराची खात्री हीच या बंदुकीची खरी कसोटी होय.

दोषांची कारणे :
१) चाप : जडत्वावर चालणाऱ्या चापात पहिल्या बाराच्या धक्क्याने एक लहान वजन सरकते आणि चाप दुसऱ्या घोड्याशी जोडला जातो. स्पर्धेतील काडतुसात सुमारे २४ ग्रॅम छरे असतात. त्यांचा सौम्य धक्का कमी प्रतीच्या यंत्रणेस अपुरा पडतो व दुसरा बार उडत नाही. याउलट घोडा अडविणाऱ्या खाचा झिजल्यास दोन्ही बार एकदम उडण्याचा धोका संभवतो. यांत्रिक चाप धक्क्यावर अवलंबून नसल्याने त्यात पहिला दोष उद्भवत नाही.
२) धातू : फायरिंग पिन व स्प्रिंग यांना योग्य पाणी दिलेले नसेल, तर पिन तुटते किंवा तिचा आघात दुबळा होतो. बिजागरी व कुलूप यांचा पोलाद मऊ असल्यास नळ्या सैल होतात.
३) नळ्यांची जुळणी : दोन्ही नळ्यांचे छरे ठरावीक अंतरावर एकाच ठिकाणी पडावे लागतात. हे काम कुशल हातांचे व वेळखाऊ असल्याने काटकसर बहुधा येथेच होते.

निष्कर्ष :
शस्त्र (सुधारणा) कायदा, २०१९ नुसार सर्वसाधारण परवानाधारकास दोनच बंदुका बाळगता येतात. त्यामुळे निवड चुकल्यास केवळ पैशाचीच नव्हे, तर संधीचीही हानी होते. खरेदीपूर्वी २४ ग्रॅमच्या काडतुसांनी दोन्ही बारांची वारंवार चाचणी घ्यावी, कागदावर दोन्ही नळ्यांचा नेम पडताळावा आणि सुटे भाग मिळतात काय, याची खात्री करावी. नव्या स्वस्त बंदुकीपेक्षा चांगल्या बनावटीची, निगा राखलेली जुनी बंदूक अनेकदा अधिक विश्वासार्ह ठरते.