औषधाची नाही, गोळीच्या रंगाचीच अ‍ॅलर्जी असेल तर?

मलकापुरात एसटीतून उतरून औषधाच्या दुकानात जायचं, 'त्या पिवळ्या चार गोळ्या द्या' म्हणायचं. दुकानदार कात्रीने स्ट्रिप कापून देतो. शाहूवाडीतल्या वाड्यावस्त्यांवरून येणाऱ्यांना यात काही वावगं वाटत नाही. पण ज्यांना गोळीतल्या रंगाचा त्रास होतो, त्यांना हवी असलेली माहिती नेमकी दुकानात राहिलेल्या तुकड्यावर असू शकते.

रंगाने आजार बरा होत नाही. गोळी ओळखता यावी, पोरांनी सिरप प्यावं, म्हणून तो घालतात. पिवळा टार्ट्राझिन, केशरी सनसेट यलो, लाल कार्मोझिन आणि पॉन्सो ४आर ही त्यातली नेहमीची नावं.

भारतात औषध नियम, १९४५ मधल्या नियम १२७ मध्ये परवानगी असलेल्या रंगांची यादी आहे. औषधात रंग असेल तर त्याचं नाव लेबलवर छापणंही बंधनकारक आहे. स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात ते असतं, तेही बहुधा इंग्रजीत. अमेरिकेत मात्र टार्ट्राझिन असलेल्या डॉक्टरी चिठ्ठीवरच्या औषधांवर स्पष्ट इशारा लागतो: काहींना यामुळे दम्यासह अ‍ॅलर्जीसारखा त्रास होऊ शकतो, विशेषतः अ‍ॅस्पिरिन न चालणाऱ्यांना. आपल्याकडे नुसतं नाव. वाचणाऱ्याने काय ते समजून घ्यायचं!

अर्थात, गोळी घेतल्यावर पित्त उठलं म्हणजे दोष रंगाचाच, असं नाही. रंगाचा त्रास दुर्मिळ आहे. पेनिसिलिन किंवा वेदनाशामक औषधाचीच अ‍ॅलर्जी असण्याची शक्यता जास्त. शिवाय या कृत्रिम रंगांसाठी भरवशाची रक्ततपासणी नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोडं थोडं देऊन पाहणं हाच खात्रीचा मार्ग. घरी हा प्रयोग करू नका.

संशय पक्का झाला की खरी कसरत सुरू होते. तेच औषध दुसऱ्या कंपनीचं घेतलं तर रंग वेगळा किंवा अजिबात नसू शकतो. पण उलटही होतं. कालपर्यंत चाललेली बीपीची गोळी दुकानात संपली, दुकानदाराने 'सेम कंटेंट' म्हणून दुसरी दिली, आणि रंग बदलला. म्हणून चिठ्ठीवर औषधांच्या अ‍ॅलर्जीसोबत रंगाचंही नाव लिहून घ्यावं. चारच गोळ्या हव्या असतील तर आधी पूर्ण स्ट्रिपच्या मागच्या बाजूचा मोबाइलवर फोटो काढावा. रंगीत कॅप्सूल फोडून पावडर घेण्याचा उपाय मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, काही कॅप्सूल पोटात हळूहळू विरघळण्यासाठीच बनवलेल्या असतात.

ओठ-जीभ सुजली, श्वास लागला तर १०८ ला फोन करून थेट रुग्णालय गाठावं. औषधाचा दुष्परिणाम रुग्णालाही १८००-१८०-३०२४ या सरकारी टोल-फ्री क्रमांकावर कळवता येतो.

आणि हेच रंग मिठाईतही असतात. पाकिटावर १०२ म्हणजे टार्ट्राझिन, ११० म्हणजे सनसेट यलो. बाजारातल्या सुट्या जिलेबीला मात्र लेबल नसतं, तिथे हलवायालाच विचारावं लागतं.